मातीत हात घालण्याआधी



गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यात चूक माझी होती, म्हणून तुम्हांला सांगतो. तुमच्याकडून ती होऊ नये एवढाच हेतू.

कांद्याची खुरपणी चालली होती. वहिनींच्या मंगळसूत्राचा दोरा वाफ्यात तुटला. मणी बरेचसे सापडले, एक वाटी सापडली, दुसरी काही मिळेना. बायाबापड्यांनी दोन दिवस वाफा बोटांनी चाळला. वहिनींच्या घशाखाली घास उतरेना. सोन्याचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण सवाल नुसता सोन्याचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने तालुक्याच्या गावाहून मित्राचे धातू शोधायचे यंत्र आणले. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते. ती जमिनीलगत सावकाश फिरवायची. खाली धातू असला की यंत्र वाजते.

"काका, वाजलं!" पुतण्या ओरडला. मी धावत जाऊन कुदळ आणली आणि आवाज आला तिथेच घाव घातला. निघाला नांगराचा जुना बोल्ट. पुन्हा वाजले, पुन्हा घाव. निघाली औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी. तिसऱ्यांदा वाजले तेव्हा वहिनींना धीर धरवला नाही. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी खड्ड्यात हात घातला आणि गंजलेल्या डब्याचा पत्रा अंगठ्याखाली खोल रुतला.

"काही नाही भावजी, मातीच लागलीय," असे म्हणून त्यांनी पदराचे टोक हाताला गुंडाळले.

वाटी चौथ्या ठिकाणी सापडली. पण कुदळीची कड तिच्यावर बसली होती, वाटी चेपली होती. सोनाराने ती नीट करून दिली. वहिनींचा हात मात्र पंधरा दिवस धारेला बसण्याजोगा नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली. यंत्राने आपले काम चोख केले होते. चुकले ते आमचे हत्यार आणि आमचे हात.

आधी जागा नेमकी करा

यंत्र वाजले की लगेच खणू नये. चकती एकदा उत्तर-दक्षिण फिरवावी, एकदा पूर्व-पश्चिम. दोन्ही वेळा आवाज जिथे सर्वांत मोठा येतो ती जागा हेरावी आणि तिथे काटकी आडवी ठेवून खूण करावी. अंगठी-वाटीसारखी लहान वस्तू साध्या यंत्राला साधारण वीतभराच्या आतच कळते. म्हणजे खोल खणण्याचे कारणच नाही.

खणताना खुणेवर खणू नये. खुणेच्या चहूबाजूंनी चार-चार बोटे सोडून हत्यार घालावे आणि मधले ढेकूळ सबंध उचलून गोणपाटावर ठेवावे. मग चकती खड्ड्यावर फिरवावी. यंत्र गप्प राहिले तर वस्तू ढेकळात आहे. वाजले तर ती अजून खड्ड्यात आहे. ढेकळात असेल तर त्याचे दोन भाग करावेत, वाजतो तो ठेवावा, दुसरा बाजूला सारावा. असे चार-पाच वेळा केले की मूठभर माती उरते आणि वस्तूला धक्का लागत नाही.

एक लक्षात असू द्या. सोन्याचा बारीक जिन्नस आणि पन्नीचा तुकडा यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. म्हणून "पन्नीच असेल" म्हणून जागा सोडून देता येत नाही. दहा वेळा कचरा निघेल. चिडून घाव घालू नये, कारण अकराव्या वेळी नेमकी वाटी असते.

हे काम वाफशावर करावे. काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि मग आपोआप कुदळीकडे हात जातो. ओली असली की चिकटते आणि वस्तू चिखलात लपते. पीक उभे असेल तर मुळे जपून ढेकूळ काढावे. काम झाल्यावर प्रत्येक खड्डा बुजवावा, नाहीतर संध्याकाळी त्यात बैलाचा पाय मुरगळतो.

हत्यार कोणते?

कुदळ, टिकाव आणि पहार ही ह्या कामाची हत्यारे नव्हेत. त्यांचा घाव किती खोल जाईल याचा अंदाज राहत नाही. आपले खुरपे चांगले. मात्र ते खरवडायला आहे, उचकटायला नाही. घट्ट मातीत उचकटले की पाते मुठीतून सुटते आणि मनगटाला लागते.

इंग्लंडात हा छंद करणारे लोक अरुंद पात्याचे छोटे फावडे आणि हातात धरायची मजबूत थापी वापरतात. तशी थापी आपला लोहार करून देईल. गाडीच्या कमानीच्या जुन्या पाट्याचा तुकडा घ्यावा. पाते वीतभर लांब, तीन बोटे रुंद आणि पन्हळीसारखे किंचित खोलगट असावे. पत्र्याची स्वस्त थापी पहिल्याच ढेकळाला वाकते. वस्तू दिसू लागली की लोखंड बाजूला ठेवावे आणि बांबूच्या कामटीने माती सोडवावी.

मूठ गुळगुळीत हवी. चिरलेल्या लाकडाने तळव्याला फोड येतात, कुसळ घुसते. दांडा हलत असेल तर पाण्यात भिजवून भागवू नये. तो वाळला की पुन्हा हलतो. नीट पाचर मारून घ्यावी. मुठीला लाल चिंधी बांधावी, म्हणजे हत्यार वाफ्यात विसरले तरी डोळ्यांना दिसते.

हात कसे जपावेत?

शेतकऱ्याला हातमोजे म्हटले की हसू येते. मलाही येत असे. पण आजची माती आजोबांच्या वेळची राहिलेली नाही. उकिरड्याच्या खताबरोबर काच, पत्रा, दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई असे काहीही शेतात येते.

नुसते सुती मोजे उन्हाला आणि फोडांना ठीक, काचेला नाहीत. तळव्याला आणि बोटांना रबरासारखा लेप दिलेले विणलेले मोजे मिळतात. त्यांतून बोटांना वस्तू कळते आणि खरचटतही नाही. काटेरी बांधाकडे काम असेल तर चामड्याचे घ्यावेत. सुई किंवा टोकदार पत्रा मात्र कुठल्याही साध्या मोज्यातून आत जाऊ शकतो. म्हणून मोजे घातले तरी न दिसणाऱ्या जागी बोटे खुपसू नयेत.

माप बघून घ्यावेत. पुरुषाच्या मापाचे मोजे बाईमाणसाला ढगळ होतात आणि ढगळ मोजा हत्यारात अडकतो. औषध फवारणीचे मोजे ह्या कामाला कधीही वापरू नयेत. ते वेगळे, हे वेगळे. वापरून झाल्यावर धुऊन वाळवावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत, आत विंचू बसलेला असू शकतो. मोठा दगड उलटायचा असेल किंवा बीळ दिसले तर आधी लांब काठी, मग हात.

बोटातली अंगठी आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. मातीची मूठ चकतीवर धरली की यंत्र बांगडीलाच वाजते आणि आपण उगीच हुरळतो. काचेच्या बांगड्यांना वाजत नाही, पण त्या फुटून मनगटात घुसतात.

जखम झालीच तर

माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका सालगड्याच्या पायात काटा मोडला. त्याने चुना-तंबाखू भरली आणि कामाला लागला. आठवड्याभरात त्याची दातखीळ बसली. मग मान ताठली, पाठ कमानीसारखी वाकली. बैलगाडीतून दवाखान्यात नेले, पण उपयोग झाला नाही. त्याची बायको गाडीच्या मागे चालत होती, ते अजून डोळ्यांपुढे आहे. वहिनींनी पदर गुंडाळला तेव्हा मला तेच आठवले.

धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. अरुंद पण खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात. म्हणून वरून लहान दिसणारी जखम अधिक फसवी. जखम साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. स्वच्छ कापडाने दाबून धरावी. हळद, चुना, तंबाखू, शेण, माती यांतले काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

लहानपणी टोचले म्हणजे जन्मभर पुरते असे नाही. दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस पुन्हा घ्यावी लागते, आणि जखम मळकी असेल व मागची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. वहिनींना तर शेवटची लस पुतण्याच्या जन्माच्या वेळची आठवत होती! त्या दिवशी त्या दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. "आधी वाटी" म्हणाल्या. मी मोटारसायकलीवर बसवून नेले, तेवढे एक शहाणपण माझ्याकडून झाले. घरातल्या सगळ्यांच्या लशीची तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

यंत्र कुठे चालवू नये?

आपले हरवलेले आपल्या शेतात शोधावे. गड, जुनी देवळे, पांढरीची टेकाडे इथे यंत्र घेऊन खणायला जाऊ नये. संरक्षित जागी खणणे हा गुन्हा आहे. आणि स्वतःच्या शेतात जरी जुने धन निघाले, तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो.

१९७४ साली आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबादला, झाडाची मुळे खणताना एका माणसाला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. वजन साठ किलोहून अधिक. मोठे वैभव! पण ते मातीच्या कोणत्या थरात होते याची नोंद तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत झाली नाही, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद राहिला.

आता दुसरी गोष्ट ऐका. १६ नोव्हेंबर १९९२ ला इंग्लंडातल्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावी, एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याने यंत्रवाल्या मित्राला बोलावले. हातोड्याऐवजी सोन्याच्या साखळ्या, चांदीचे चमचे आणि नाणी निघू लागली. थोडे काढल्यावर त्यांनी हत्यार खाली ठेवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी येऊन सगळे जागच्या जागी नोंदून काढले. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी होती, आणि कुजून गेलेल्या लाकडी पेटीत कोणती वस्तू कुठे रचली होती तेही कळले. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळाले, ते मित्राने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या दोघांचे यंत्र काही आपल्यापेक्षा निराळे नव्हते. ते वेळेवर थांबले, एवढाच फरक.

आमच्या पडवीत आता खुरप्याच्या खुंटीवरच हातमोजांचा जोड टांगलेला असतो. वहिनी मंगळसूत्र सावरतात, मोजे झटकतात आणि मगच वाफ्यात बसतात. मी कुदळीकडे गेलो की म्हणतात, "भावजी, जरा दमानं!"

तुम्हीही जरा दमाने घ्या. बाकी पुढच्या अंकी.