मालकाच्या घराशेजारी मजुराचं घरही जपलं: प्लेन्स गावाची गोष्ट

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. त्यांचं दफन झालं ते जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या त्यांच्या गावी. गाव केवढं? लोकसंख्या सहाशेच्या आत. आपल्याकडं एवढ्याला वाडी म्हणतात. तरीही लोक लांबून येतात, कारण गावानं आपली जुनी शेती जपली.

हा अमेरिकेचा दक्षिण भाग. रान बरंचसं सपाट, माती तांबूस, वाळूमिश्रित. भुईमूग करणाऱ्याला सांगायला नको, आऱ्या जमिनीत घुसायला अशीच भुसभुशीत माती लागते. आधी इथं कापसाचं राज्य होतं. बोंडं पोखरणाऱ्या भुंग्यानं कापूस बसवला आणि भुईमूग वाढला. आज अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास भुईमूग एकट्या जॉर्जियात होतो. गाव मूळचं जरा बाजूला होतं. १८८० च्या दशकात रेल्वे आली, तसं ते रुळाकडं सरकलं. माल जिथून निघतो तिथं बाजार, हे सगळीकडं सारखंच.

कार्टरांचं शेत गावापासून चारेक किलोमीटरवर, आर्चरी वस्तीत. १९२८ मध्ये कुटुंब तिथं राहायला गेलं. १९३५ ला पवनचक्की बसली तेव्हा घरात नळाचं पाणी आलं, वीज १९३८ ला आली. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला हा पोरगा लहानपणी उकडलेल्या शेंगा गावात विकायचा.

आता मुद्द्याचं. आर्चरीत बहुतेक घरं काळ्या मजुरांची आणि वाटेकऱ्यांची होती. त्या भागात वाटेकऱ्याची रीत अशी, की दुकानातून माल उधार घ्यायचा, पीक निघालं की हिशेब, आणि हातात उरायचं थोडंच. आज हे शेत सरकारी स्मारक आहे. तिथं मालकाचं घर, दुकान, कोठार आहेच. शिवाय जॅक आणि रेचल क्लार्क या शेतावर राबणाऱ्या काळ्या जोडप्याचं घरही नावानिशी उभं आहे. या दोघांनी आपल्याला घडवलं, हे कार्टरांनी स्वतः लिहून ठेवलंय.

त्यांच्या आई लिलियन तर १९६६ मध्ये, ६८ व्या वर्षी, मुंबईत विक्रोळीला येऊन रुग्णसेवा करून गेल्या.

जुनं जपायचं म्हणजे थांबून राहायचं, असंही नाही. कार्टरांच्याच दहा एकरांवर २०१७ मध्ये सौरप्रकल्प झाला. गावाची निम्म्याहून जास्त विजेची गरज तो भागवतो, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आपल्याकडं पाटलाच्या वाड्याचा फोटो स्टेटसला लागतो. त्याच रानात ज्यानं सालं काढली, जिनं खुरपणीत कंबर मोडली, त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही अन् गावाच्या इतिहासातही नाही. जुन्या विहिरी कुणी खोदल्या, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. स्मारकाला निधी लागतो, पण त्यांचं बोलणं टिपून घ्यायला खिशातला मोबाईल पुरे. ग्रामसभेत एवढा एक विषय जरूर घ्या.