वहीची किल्ली आपल्याच हाती असावी

कापडाच्या धंद्यात ताणा एका ठिकाणी निघतो, सायझिंग दुसरीकडे, विणकाम तिसरीकडे. प्रत्येकाचे काम एकच, पण चोख. युनिक्स या संगणक प्रणालीची रीत अशीच आहे. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी तीत 'पाइप' आणला. एका आज्ञेतून निघालेला माल थेट दुसरीकडे जाऊ लागला. लिनक्सनेही हीच रीत ठेवली.

उधारी साध्या मजकुराच्या फाइलीत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी. 'ग्रेप' एका गिऱ्हाइकाच्या ओळी वेचतो, 'सॉर्ट' त्या तारखेने लावतो, 'ऑक' बेरीज करतो. या आज्ञा एका फाइलीत लिहिल्या की स्क्रिप्ट तयार. 'क्रॉन' ती रोज रात्री आपोआप चालवतो.

ज्या वहीची किल्ली सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे, ती वही आपली कशी म्हणावी? साधी फाइल कोणत्याही संगणकावर उघडते. मात्र 'आरएम' ही आज्ञा पुसलेले परत देत नाही. म्हणून नवी स्क्रिप्ट आधी वहीच्या प्रतीवर चालवून पाहावी. व्यापारी व कारागीर बांधवांनी आपल्या मुलांना हे कसब जरूर शिकवावे, असे आम्हाला वाटते.