भीमथडीच्या तट्टांचें बीज

पारनेर तालुक्यांत ढवळपुरीच्या बाजूस ज्यांची शेतीवाडी आहे, त्या वाचकांस धनगरांचे वाडे हें दृश्य नवें नाहीं. पावसाळा सरला कीं मेंढरांचे कळप पश्चिमेकडे निघतात, आणि कळपामागोमाग तट्टांच्या पाठीवर सगळा संसार चालूं लागतो : पाल, भांडीं, कोंबड्या, नुकतींच जन्मलेलीं कोकरें, आणि या सर्वांच्या वर बसविलेलें एखादें लहान मूल. हीं तट्टें उंचीनें बेताचीं, थोडक्या चाऱ्यावर भागविणारीं व खडकाळ वाटेवर पाय न चुकविणारीं. भीमेच्या कांठचीं म्हणून त्यांस भीमथडी हें नांव पडलें. १७५८ सालीं मराठे अटकेपर्यंत पोंचले, हें आपण सर्वच शाळेंत शिकलों; त्यांस वाहून नेणाऱ्या जनावरांची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाहीं. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती २०२३-२४ च्या सुमारास, म्हणजे पेशवाई बुडून दोनशें वर्षें उलटल्यावर!

नोंद झाली म्हणजे जात वांचली असें नव्हे. जात टिकते ती नरांच्या निवडीवर, आणि नेमकी येथेंच अडचण आहे. वयांत आलेला नर घोड्यांच्या जमावांत दांडगाई करतो, ओझ्याखालीं स्थिर उभा राहत नाहीं. म्हणून त्यास खच्ची करण्याची रीत जगांत सर्वत्र आहे, व ती अडाणीपणाची आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण शिंगरूं वयांत येऊं लागतें तें दीड-दोन वर्षांचें असतांना. त्याचा खरा गुण, म्हणजे दम, पायांचा कणखरपणा आणि स्वभाव, कळतो तो चार-पांच वर्षांचा होऊन वाट तुडविल्यावर. तेव्हां निवाडा आधीं आणि साक्षीपुरावा मागाहून, असा हा न्याय आहे. उत्तम म्हणून ठरलेला घोडा पुष्कळदां अशा वेळीं उत्तम ठरतो कीं, त्याचा वंश चालण्याची सोयच उरलेली नसते.

या विषयाचें वाचन घरांत सर्वांदेखत व्हावें काय, अशी शंका एखाद्या वडीलधाऱ्यांस येईल. पांडवांतील नकुलानें ग्रंथिक नांव घेऊन विराटाची अश्वशाळा सांभाळली, ती कथा आपण मुलाबाळांसह ऐकतों. अश्वशाळेंतील विद्या त्याच योग्यतेची आहे असें आम्ही समजतों.

नर घोड्याच्या वृषणांत बारीक वळसेदार नलिकांचा गुंता असतो. नलिकांच्या कडेस मूळ बीजपेशी बसलेल्या असतात. स्वतःसारख्या आणखी पेशी उत्पन्न करून घराणें चालूं ठेवणें व त्यांतील कांहींना पुढील प्रवासास लावणें, हीं त्यांचीं दोन कामें. त्या प्रवासांत पेशींतील ६४ गुणसूत्रांचीं ३२ होतात व शेवटीं शेपटीचा शुक्राणु तयार होतो. घोड्यांत यास सुमारें ५७ दिवस लागतात. म्हणूनच कडक ताप येऊन गेलेल्या घोड्यास दोन महिने तरी निर्बीज ठरवूं नये.

आतां सूक्ष्मदर्शकाखालीं या पेशी पुष्कळशा एकसारख्या दिसतात. कोणती मूळची व कोणती वाटेला लागलेली, हें ओळखावें कसें? माणसांचें पाहा : लंगोटी व दंड दिसला कीं हा बटु, हें विचारावें लागत नाहीं. पेशींच्याही अंगावर अशीं आश्रमाचीं चिन्हें असतात, व तीं म्हणजे विशिष्ट प्रथिनें. त्या एकाच प्रथिनास चिकटणारें प्रतिद्रव्य ऊतीच्या पातळ कापावर सोडून त्यास रंग दिला कीं तेवढ्याच पेशी उठून दिसतात. दक्षिण कोरियांतील संशोधकांनीं घोड्यांवर हें काम चिकाटीनें केलें आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधांत यूटीएफ-१ हें प्रथिन केवळ आरंभींच्या बीजपेशींत, एकट्या, जोडीनें वा सांखळीनें राहणाऱ्यांत आढळलें. पुढच्या पायरीवर तें नाहींसें होतें. डॅझल नांवाचें प्रथिन त्यापुढच्या पायरीपर्यंतही सोबत करतें. वासा नांवाचें तर गोल, अद्याप शेपूट न फुटलेल्या पेशींपर्यंत टिकतें.

वासा हें नांव मोठें मौजेचें आहे. १९८६ च्या सुमारास फळमाशीवर प्रयोग चालले असतां असें दिसलें कीं, एका जनुकांत बिघाड झालेल्या मादीच्या संततींत बीजपेशीच उत्पन्न होत नाहींत. वंश तेथेंच खुंटतो, म्हणून संशोधकांनीं त्यास स्वीडनच्या वासा या लुप्त राजघराण्याचें नांव दिलें. तो शोध महाराष्ट्रांत लागता तर १८४८ सालीं निपुत्रिकतेच्या सबबीवर खालसा झालेल्या सातारच्या गादीची आठवण कोणास तरी झालीच असती.

या खुणांचा व्यवहारीं उपयोग काय? बीजाचा प्रवास कोठें अडला हें त्यांवरून सांगतां येतें. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२, खेचराचीं ६३. तीं जोडीनें जुळत नसल्यामुळें खेचरांत प्रवास मध्येंच थांबतो. जन्माच्या सुमारास जें वृषण खालीं उतरावयास हवें तें पोटांत अडकून राहिलें, तर शरीराच्या उष्णतेमुळें तेथील पेशी पहिल्या पायऱ्यांवरच खोळंबतात. घरांत सगळे बटूच, गृहस्थ एकही नाहीं, अशी ती स्थिति. पण असला घोडा नरासारखाच वागतो, कारण अंतःस्राव चालूच असतो. सारंगखेड्याच्या बाजारांत खच्ची म्हणून घेतलेला घोडा घरीं येऊन घोड्यांमागें धांवूं लागला, तर धन्यानें तकरार करण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें. अँटी-म्युलेरियन हॉर्मोन हें प्रथिन वृषणांतील पोषक पेशींतून येतें. पोटांत वृषण दडलें असेल तर तें रक्तांत सांपडतें, पूर्ण खच्ची केलेल्या घोड्यांत सांपडत नाहीं. अशा दोषाच्या घोड्यास वळू ठेवूं नये, कारण दोष संततींत उतरण्याचा संभव असतो.

भीमथडीच्या दृष्टीनें याहून मोठी आशा निराळी आहे. खच्ची करतांना जो अवयव आपण फेकून देतों, त्यांत लहान शिंगराच्या वयांतही मूळ बीजपेशी असतात, व त्या ओळखण्याची खूण आतां हातीं आहे. उंदरांत अशा पेशी एकाच्या वृषणांतून दुसऱ्याच्या वृषणांत घालून त्यांपासून पिलें झाल्याचें अमेरिकेंत १९९४ सालींच सिद्ध झालें. घोड्यांत हें काम अद्याप प्रयोगशाळेबाहेर आलेलें नाहीं, आणि वर्तमानपत्री उत्साहानें तें आलेंच असें सांगणें आम्हांस पसंत नाहीं. आजच्या घडीस खात्रीची वाट म्हणजे निवडक नराचें वीर्य गोठवून ठेवणें. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रांत मारवाडी घोड्यांसाठीं प्रयत्न चालले असून, १९ मे २०२३ रोजीं तेथें दुसरीच्या गर्भाशयांत वाढविलेली ‘राज-प्रथमा’ ही शिंगी जन्मली. भीमथडीस तोच मान मिळण्यास शास्त्राची आडकाठी कांहींच नाहीं.

पावसाळ्यांत माश्यांमुळें जखम चिघळते, म्हणून खच्ची करण्याचें काम थंडींत उरकणें बरें. ज्यांच्या गोठ्यांत वा ओळखीच्या वाड्यांत चांगल्या आईचें नर शिंगरूं असेल, त्यांनीं दिवाळीपूर्वींच तालुक्याच्या पशुवैद्यांस गांठून त्यास आणखी दोन वर्षें राखतां येईल काय, एवढें विचारून घ्यावें. त्यास वेगळें बांधावें लागेल, चाराही जास्त लागेल, आणि घरांतील मुलांना त्याच्या मागून जाऊं देतां येणार नाहीं.