रांगेचे रिंगण करू या



दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. २०१६ पासून ही पद्धत देशभर सुरू झाली. टेंभुर्णीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लेकीसुना त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवतात. वजन, रक्तदाब, रक्त-लघवी, लोहाच्या गोळ्या, की झाले. रांगेत अर्धा दिवस आणि डॉक्टरांपुढे चार मिनिटे. पायाला सूज आहे, बाळाची हालचाल कमी वाटते, हे विचारायचे राहूनच जाते. आपली सून तर आधीच बुजलेली. कोणी चारचौघांत फटकारले तर, म्हणून ती गप्प बसते.

आम्ही म्हणतो, या रांगेचेच रिंगण करावे. अमेरिकेत शॅरन रायझिंग या परिचारिका-सुईणीने हेच केले. एकाच सुमारास दिवस भरणाऱ्या आठ-दहा जणी एकत्र बसवल्या. तपासणी एकेकीची आडोशाला, उरलेला वेळ सगळ्यांनी मिळून बोलायचे. या पद्धतीचा १०४७ तरुण बायांवरचा अभ्यास २००७ साली छापून आला. त्यातल्या बहुतेक कृष्णवर्णीय होत्या. एकेकट्या तपासून घेणाऱ्यांत शेकडा १४ जणी अपुऱ्या दिवसांत बाळंत झाल्या, गटातल्या शेकडा १०. अंगावर पाजायला लागलेल्या आया शेकडा ५५ च्या जागी ६६ झाल्या. मात्र २०१५ साली असे चार अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात ठाम फरक दिसला नाही. तेव्हा ही जादूची कांडी नव्हे.

आपल्याकडे झारखंड-ओडिशाच्या आदिवासी गावांत २००५ ते २००८ या काळात बायांच्या मासिक बैठका झाल्या. तपासणी नाही, नुसते बोलणे आणि मिळून उपाय ठरवणे. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटले.

बोलण्यासारखे आपल्याकडेही पुष्कळ आहे. पहिले पिवळे घट्ट दूध, म्हणजे चीक, ‘वाईट असते’ म्हणून अजूनही काही घरांत पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. चीक ही बाळाची पहिली लस आहे. बाळाला तासाभरात छातीशी लावावे, सहा महिने वरचे पाणीही देऊ नये. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही, आईच्या दुधात पाणी असतेच. नवी सून हे सासूबाईंना कसे सांगणार? पण रिंगणात बसलेली दोन लेकरांची आई ‘माझ्या बाळाला पाणी दिलं नाही, काही बिघडलं नाही’ म्हणाली, की सासूबाईही ऐकतात. म्हणून त्यांनाही बरोबर न्यावे.

ऊसतोडीच्या टोळीतली गरोदर बाई तर उचल फिटेपर्यंत मोळ्या वाहते. तिचे कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचे असले तरी खोपीवर जाऊन तिला बोलावून आणा.

कामकरी बाईला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात बोलले होते. आता बुडालेल्या मजुरीपोटी पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात. त्याचा अर्जही रिंगणातच भरून घ्यावा. एकटीला तो जड जातो.

येत्या ९ तारखेआधी आशाताईंच्या कानावर घालून ठेवा. खोली नसली तरी झाडाची सावली आणि एक सतरंजी पुरते.