रेषा नाकारणारा दगड

जपानी काष्ठमुद्राचित्रांना दगड नवा नाही. होकुसाई आणि हिरोशिगे ह्यांच्या चित्रांत कडे आहेत, वाटेवरचे धोंडे आहेत. पण तिथला दगड बहुधा कुणाच्या तरी प्रवासाचा शेजारी असतो. दगड स्वतःच विषय झाला तो विसाव्या शतकात, 'सोसाकु हांगा' म्हणजे सर्जक मुद्राचित्रांच्या चळवळीत.

ह्याचे कारण विचारले की आपण चटकन 'झेन'कडे बोट दाखवतो. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातले ते १५ दगड, ती पांढरी खडी, ती शून्यता... झाले! मला हा निव्वळ आळस वाटतो. एकदा झेन म्हटले की चित्राकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

मला कारण दिसते ते लाकडात. उकियो-ए परंपरेत चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. १९०४ साली यामामोतो कानाए ह्याने आपले कोळ्याचे चित्र स्वतः कोरून छापले. तीच पुढे चळवळीची प्रतिज्ञा झाली. सगळे कर्तृत्व एका हाताचे.

दगड नेमका ह्या हाताची परीक्षा घेतो. चेहऱ्याला, पुलाला रेषा पुरते; झिजलेल्या गोट्याला रेषेने वेढले की त्याचा बटाटा होतो. त्याला पोत हवा, आणि तो फळीत आधीच असतो. तारेच्या ब्रशाने घासले की लाकडाच्या शिरा उठून येतात. रंग विरळ ठेवून बारेन, म्हणजे घासण्याची चकती, हलक्या हाताने फिरवली की तिळासारखे ठिपके उमटतात. कोरणाऱ्याने इथे थांबायचे असते.

हागिवारा हिदेओची १९६०ची 'दगडाचे फूल' ही चित्रे मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. हागिवारा कागदाच्या मागच्या बाजूनेही छापत असे. रंग तंतूंतून झिरपत पुढे येई. किती झिरपेल हे पुरते त्याच्या हाती नव्हते. ह्या चित्रांत दगडाचे 'चित्रण' जवळजवळ नाहीच, तरी रंग पृष्ठभागावर बसलेला न वाटता आत मुरलेला वाटतो, दगडातल्यासारखा. लेखकाच्या कर्तेपणावर तावातावाने वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे पाहायला हवे : कर्तृत्वाचा दावा करणाऱ्या चळवळीला दगड सापडला तो कर्ता मागे सरला तेव्हा.

अर्थात मागे सरण्याचीही शैली होते. सैतो कियोशीच्या काही चित्रांत लाकडाच्या शिरा इतक्या देखण्या होतात की फळीचेच कौतुक करत राहावे. दगड तेवढा दिसत नाही.