बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका

‘डॉक्टर, बीपी आता नॉर्मल आलंय. गोळी बंद करू ना?’ साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या रुग्णांचा हा नेहमीचा प्रश्न. माझं स्पष्ट मत सांगतो: गोळी चालू आहे म्हणूनच बीपी नॉर्मल आहे.

अम्लोडिपिन ही ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ गटातली गोळी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. ही गोळी त्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरण्याची वाट अडवते. वाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं आणि हृदयविकारामुळे चालताना छातीत भरून येण्याचा त्रासही कमी होतो. हाडांतलं कॅल्शियम तिने घटत नाही, त्यामुळे दूध सोडायची गरज नाही. छातीत अचानक दुखू लागलं तर मात्र या गोळीवर विसंबू नका, लगेच 108 ला फोन करा.

हिचा अंमल सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. म्हणून बंद केल्यावर चार दिवस काहीच जाणवत नाही, आणि तिथेच फसगत होते. बीपी गुपचूप चढतं, डोकंही दुखत नाही. पहिली खूण थेट अर्धांगवायूची असू शकते.

दुसरी तक्रार पाय सुजण्याची. ‘गोळीने किडनी गेली’ असं समजून अनेकजण ती सोडतात. खरं तर बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने घोट्याशी पाणी साचतं. सूज दाखवून घ्या. डोस कमी करता येतो, टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडता येते. सुजेबरोबर दम लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

2017 साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या 25 जिल्ह्यांत सातारा होता. त्यातली पहिली गोळी हीच, तीही सरकारी आरोग्य केंद्रात मोफत. म्हणजे अडचण पैशाची कमी आणि गैरसमजाची जास्त.

सांगलीकरांना एक जादा विनंती. 2019 चा महापूर आठवा. नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्यात महिनाभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा.

गोळी कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांशी बोलून जरूर ठरवा. पण शेजाऱ्याच्या सल्ल्याने परस्पर बंद करू नका.