जपानची उमरावसभा

जुलै २०२५ च्या निवडणुकीत जपानमधील सत्ताधारी आघाडीने संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले आणि पुढे पंतप्रधान इशिबा यांना पायउतार व्हावे लागले. मतदारांनी वरिष्ठ सभागृहाच्या द्वारे सरकारला जाब विचारावा, ही त्या देशात तुलनेने नवी गोष्ट आहे. १८९० ते १९४७ या काळात त्या जागी उमरावसभा होती. आणि ती मुळी लोकनियुक्त सभागृहाला आवर घालण्यासाठीच निर्माण झालेली होती.

हे उमराव म्हणजे पिढीजात खानदानाचा एकजिनसी वर्ग, अशी समजूत होणे साहजिक आहे. वस्तुत: हा वर्ग सरकारी हुकमाने घडविला गेला. इतो हिरोबुमी यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये पाच दर्जांची सरदारकी स्थापन झाली. क्योतोच्या दरबारातील मानकरी, माजी संस्थानिक म्हणजे दाइम्यो, आणि १८६८ च्या सत्तांतरात पुढे आलेले सात्सुमा व चोशूचे सामुराई, असे काल परस्परांविरुद्ध उभे असलेले लोक एका पंगतीत बसले. ज्या तोकुगावा घराण्याची सत्ता उलथली गेली, त्याचेच वारस इएसातो १९०३ पासून तीस वर्षे या सभेचे अध्यक्ष होते! यांच्या जोडीला सम्राटांनी तहहयात नेमलेले अधिकारी व विद्वान आणि सर्वाधिक कर भरणारे धनिकही असत.

दाइम्योंची संस्थाने गेली होती. तनखेही १८७६ मध्ये सरकारी रोख्यांत बदलले गेले. त्याच रोख्यांच्या भांडवलावर सरदारांची पंधरावी राष्ट्रीय बँक उभी राहिली. सरकारच्या कागदावर जगणारा हा वर्ग सरकारच्या मुठीत राहील, असे कोणासही वाटले असते. घडले निराळेच. इतोंनी १९०० मध्ये स्वत:च सेइयुकाई हा राजकीय पक्ष काढला. पक्षाचे मंत्रिमंडळ उमरावांना रुचेना, आणि १९०१ मध्ये चीनमधील मोहिमेच्या खर्चासाठी आणलेली करवाढ त्यांनी अडवून धरली. ही सभा विसर्जित करण्याची सोय इतोंच्या राज्यघटनेत नव्हती. अखेर सम्राटांचे आज्ञापत्र मिळवून त्यांना सुटका करून घ्यावी लागली.

पक्षीय सरकारपुढे दाखविलेला हा ताठा पुढे कामास आला नाही. सम्राट हे राज्यसंस्थेचे एक अंग होत, असे प्रतिपादणारे घटनापंडित मिनोबे तात्सुकिची हे या सभेचे नियुक्त सदस्य होते. १९३५ मध्ये याच सभागृहात किकुची या सरदाराने, जे निवृत्त सेनाधिकारीही होते, त्यांच्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवला. त्याच वर्षी मिनोबे यांना सदस्यत्व सोडावे लागले.